दही का लागले नाही?

महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर म्हैस म्हणजे घरातले माणूसच. तिला दगडी झाली की गुरांचे डॉक्टर सडात औषध सोडतात, सुई टोचतात. कास नरम पडते, आणि त्याच आठवड्यात घरात नवी तक्रार उठते: दही लागत नाही. मग बोल बसतो सुनेच्या हाताला, नाहीतर कुणाच्या दृष्टीला.

बायांनो, थंडीने किंवा जुन्या विरजणानेही दही बिघडते. पण म्हशीला नुकतेच पेनिसिलिन दिले असेल, तर आधी त्याचा संशय घ्यावा. ते दुधात उतरते आणि विरजणातले जिवाणू वाढू देत नाही.

नवल असे, की पेनिसिलिनची ताकद मोजण्याची रीतही याच जातीची आहे. वरंधा घाट चढून पुण्याकडे गेले की पलीकडे पिंपरी. तिथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि 1955 पासून पेनिसिलिन निघू लागले. अशा औषधाची भुकटी किती, हे काट्यावर कळते. तिच्यात दम किती, हे कळत नाही. ओल नि उष्णता लागली की दम उतरतो, वजन तेवढेच राहते. म्हणून जिवाणूंना विचारण्याची रीत निघाली.

आपण ज्याला चायनाग्रास म्हणतो, तसल्या समुद्री शेवाळाचा थर ताटलीत ओततात. त्यात जिवाणू मिसळलेले असतात. थराला भोके पाडून काहींत ठरलेल्या ताकदीचे औषध, काहींत तपासायचे औषध घालतात. मग ताटली विरजणासारखी रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी सगळीकडे जिवाणूंचा गढूळ थर दिसतो, भोकांभोवती मात्र स्वच्छ गोल कडी. ती मोजून ताकद काढतात. ताकद दुप्पट म्हणून कडे दुप्पट होत नाही, यासाठी कमीजास्त मात्रा ताडून हिशेब करतात.

1940 च्या सुमारास ऑक्सफर्डला नॉर्मन हीटली यांनी पेनिसिलिनसाठी ही रीत बसवली. ठरल्या जिवाणूंवर ठरल्या मापाचे कडे उमटवील तेवढे औषध म्हणजे एक युनिट, असे तेव्हाचे माप होते. भोकांऐवजी ते बारीक नळकांडी ठेवत.

दूधतपासणीच्या नळीतही हेच तत्त्व असते. दूध चांगले असेल तर जिवाणू वाढून जांभळा रंग पिवळा होतो. औषध असेल तर जांभळाच राहतो.

तेव्हा इतके सांभाळा. औषध दिल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. दूध किती दिवस वापरायचे नाही ते डॉक्टरांना विचारा. तेवढे दिवस ते पोरांना देऊ नका, डेअरीच्या कॅनमध्येही ओतू नका. एका घरचे दूध सगळ्यांचे नासवते. उकळून औषध निघून जाईल, या भरवशावर राहू नका. काहींना पेनिसिलिन सोसत नाही, आणि थोड्या थोड्या औषधाने रोगजंतू निर्ढावतात. दही लागले म्हणून दूध निर्धोक, असेही समजू नका. दह्याला न अडवण्याइतके थोडे औषध दुधात असू शकते. दिवस पुरे भरू द्यावेत, आणि सुनेला उगाच बोल लावू नये.