गुडघे जातात ते उतरताना

पावसाळा आला की मावळातली मंडळी लोहगड-विसापूरला निघतात. वर्षभर दुकानात बसून असलेले पन्नाशीचे गृहस्थही त्यात असतात. चढताना दम लागतो म्हणून माणूस थांबतो तरी. उतरताना मात्र ओल्या पायऱ्यांवरून धावत सुटतो. गुडघे जातात ते इथेच! उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीर पेलतात, गुडघ्यावर वजनाच्या कित्येक पट भार येतो. इंदुरीकरांच्या तर उशाशीच भंडारा डोंगर आहे. आमच्या मते गडावर जाण्याआधी महिनाभर त्यांनी तोच पायी चढावा-उतरावा. (गाडीने वर जाऊन तुकोबांचे दर्शन घडते, व्यायाम नव्हे.) उतरताना पावले लहान टाकावीत, हाती काठी असावी. छातीत दाटून आले किंवा हाताला कळ आली, तर तिथेच बसावे आणि सोबत्यांना लगेच सांगावे.