उगम म्हणजे अर्थ नव्हे

'पॉश' या इंग्रजी शब्दाची गोष्ट आम्ही वर्गात अनेक वर्षे मोठ्या रंगतीने सांगत आलो. विलायतेहून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर येताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची खोली उन्हापासून बचावलेली असे. श्रीमंत साहेब तीच मागून घेत. तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' असा शिक्का बसे आणि त्या चार आद्याक्षरांचा 'पॉश' झाला, अशी ती गोष्ट. एके दिवशी एका विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, "सर, असे एखादे तिकीट कोणी पाहिले आहे का?" आम्हांस उत्तर देता आले नाही. ग्रंथालयात जाऊन शोध घेतला तेव्हा कळले की असे एकही तिकीट पुढे आलेले नाही आणि ऑक्सफर्डचा कोशही ही व्युत्पत्ती मान्य करीत नाही. बोटी खऱ्या, ऊन खरे. गोष्ट मात्र मागाहून रचलेली.

आम्ही मराठीचे अध्यापक; इंग्रजी हा आमचा विषय नव्हे. परंतु जुन्या इंग्रजी शब्दांच्या कथा आपल्या वर्गांत, व्याख्यानांत आणि लेखांत इतक्या मुक्तपणे फिरतात, की त्यांविषयी एक मत मांडणे आम्हांस आवश्यक वाटते. शब्दाचा उगम हे त्याचे चरित्र आहे, तो त्याचा अर्थ नव्हे. हा भेद सुटला की दोन उलट दिशांच्या चुका होतात.

पहिली चूक म्हणजे आजचा अर्थ जुन्या संहितेवर लादणे. 'लेट' म्हणजे 'करू देणे' हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकात पित्याच्या भुतामागे निघालेल्या नायकाला सोबती धरून ठेवतात, तेव्हा तो अडवणाऱ्याला ठार करण्याची धमकी देतो आणि 'अडवणे' यासाठी तेथे 'लेट' हेच क्रियापद येते. जुन्या इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द होते. उच्चार झिजता झिजता ते एकरूप झाले. आजचा अर्थ धरून वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती धमकीचा नेमका उलटा अर्थ पडतो. हा जुना 'लेट' अगदीच मेलेला नाही. आपल्या भारतीय पारपत्रावरील 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' या विनंतीत तो आजही आहे. आपण तो न वाचता खिशात घेऊन हिंडतो इतकेच.

'डिअर' या शब्दाची कथा मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी. आज त्याचा अर्थ हरीण. जुन्या इंग्रजीत मात्र कोणताही पशू. जर्मन भाषेत त्याचा सगोत्र शब्द 'टीअर' आजही 'प्राणी' याच अर्थाने नांदतो. 'किंग लिअर'मध्ये वेडाचे सोंग घेतलेला एडगर उंदीर-घुशींनाही 'डिअर' म्हणतो, ते याच जुन्या अर्थाने. आता आपला 'मृग' पाहा. वेदकाळी तो कोणताही वन्य पशू होता; म्हणूनच सिंह हा 'मृगेंद्र', वानर हा 'शाखामृग' आणि शिकार ही 'मृगया'. पुढे 'मृग' हरणापुरताच उरला. दोन दूरच्या भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट चालावी, हा योगायोग कोणत्याही रचलेल्या गोष्टीहून अधिक रंजक आहे, शिवाय खरा आहे.

दुसरी चूक अधिक प्रतिष्ठित, कारण ती विद्वत्तेच्या वेषात येते. 'डेसिमेट' या शब्दाच्या मुळाशी रोमन सैन्यातील दहांपैकी एकाला मारण्याची शिक्षा आहे. म्हणून 'मोठा संहार' या अर्थी तो वापरणे अशुद्ध, असा आग्रह धरला जातो. हाच न्याय सर्वत्र लावला तर काय होईल? 'सिली' म्हणजे 'धन्य' म्हणावे लागेल, कारण मुळात त्याचा अर्थ तोच. धन्य, मग निष्पाप, मग बापुडा, मग दुबळा, आणि अखेरीस मूर्ख असा त्याचा उतार आहे. 'नाइस'चा प्रवास उलटा. 'अज्ञानी' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघून, फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत 'मूर्ख' या अर्थाने आला आणि आज 'छान' झाला. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'त हेन्री टिल्नी कॅथरिनला याच शब्दाच्या सैल वापरावरून चिडवतो आणि नीटनेटकेपणा, नाजूकपणा हा त्याचा मूळ अर्थ असावा असे सुचवतो. गंमत अशी की टिल्नीचे 'मूळ'ही मूळ नव्हे. ती वाटेवरची एक धर्मशाळा आहे. मुळाचा आग्रह धरणारा बहुधा आपल्या सोयीच्या मुक्कामावर थांबतो.

मराठीत तर हा वाद एका शब्दात मिटतो. संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. म्हणून रागावलेला मराठी माणूस प्रेमात पडला आहे असे कोणी म्हणत नाही. उलट, गीतेतील 'वीतराग' म्हणजे 'न रागावणारा' असा अर्थ कोणी केला तर तोही फसतो. त्याच श्लोकात क्रोध वेगळा सांगितलेला आहे. शब्द तोच, चुका दोन.

यावर उपाय कथा नव्हे, कोश होय; आणि तोही कालक्रमाने उदाहरणे देणारा. डॉ. जॉन्सनने १७५५च्या कोशात अवतरणांचा पायंडा दृढ केला. १८५७मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत ज्याची कल्पना मांडली गेली, तो ऑक्सफर्डचा कोश १८८४पासून खंडशः निघत १९२८मध्ये पुरा झाला. असंख्य वाचकांनी चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवलेली वाक्ये हा त्याचा पाया. प्राचीन मराठीसाठी शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा कोश १९९९मध्ये आला. तो आपल्या किती विद्यार्थ्यांनी हाताळला असेल, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारतो.

व्युत्पत्तीच्या गोष्टी सांगूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. त्या सांगाव्यात, त्यांच्यामुळेच तर मुले शब्दांकडे वळतात. फक्त प्रत्येक गोष्टीनंतर त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आपणच आधी विचारावा. 'पॉश'ची गोष्ट आम्ही अजूनही सांगतो. आता ती त्या प्रश्नासह सांगतो, आणि वर्गाला ती पूर्वीपेक्षा अधिक आवडते.