गिअरबॉक्स एकदाच उतरवा!

टीओएमच्या पेपरात क्लचचं गणित येणार, हे मेसमधल्या बटाट्याच्या भाजीइतकं पक्कं असतं. बाहेरची त्रिज्या दिलेली, आतली दिलेली, स्प्रिंगचा जोर दिलेला. आपण फक्त ठरवायचं, युनिफॉर्म प्रेशर की युनिफॉर्म वेअर. नवा क्लच असेल तर प्रेशर, झिजलेला असेल तर वेअर, एवढं पाठ असलं की मार्क खिशात. मंडळी, एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बघाच. बाहेरची त्रिज्या ११५ मिमी आणि आतली ७५ मिमी धरा. प्रेशरवाल्या सूत्राने सरासरी त्रिज्या येते ९६.४ मिमी, वेअरवाल्याने ९५. म्हणजे ज्या वादावर पीएलमध्ये रात्री जागवल्या जातात, त्यातला फरक जेमतेम दीड टक्का! त्याच प्लेटवर क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपलं, तर ०.३ च्या आसपासचा घर्षणगुणांक निम्म्याच्याही खाली जातो. पण तो गणितात 'दिलेला' असतो, म्हणून त्याच्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

मला त्या 'दिलेल्या' गोष्टीबद्दलच लिहायचं आहे, आणि तेही आपल्या मावळातल्या जुन्या डिझेल पिकअपच्या निमित्ताने.

पुण्यात तयार झालेली टाटामोबाईल १९८८ साली आली. पुढे महिंद्राच्या पिकअप आल्या आणि बैलगाडीची बरीचशी कामं या गाड्यांकडे गेली. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, कुठेही जा, भाताची पोती, भाजी, फुलं, दूध, लोणावळ्याच्या हॉटेलांचा माल हे सगळं त्यांच्याच पाठीवर. आणि रस्ते कसे? पवनानगरकडून लोणावळ्याला यायचं तर दुधिवरे खिंड चढायची. खाली कोकणात उतरलात तर परतताना खोपोलीपासून बोरघाट. रेल्वेचा बोरघाटातला चढ ३७ फुटांना एक फूट. त्यासाठी कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. पिकअपला मागून ढकलायला कोण येणार? त्यात पावसाळ्यातला शनिवार-रविवार असला आणि पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबला, की तासभर 'हाफ क्लच'वर मुंगीच्या पावलांनी चढायचं.

आता आमच्या मामांची गोष्ट. मामा पवन मावळात इंद्रायणी करतात. (हा वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली आला, हे हॉस्टेलवर रोज भात खाणाऱ्यांना माहीत असावं.) त्यांची पिकअप खिंडीत इंजिन ओरडायचं पण वेग घ्यायची नाही, जळका वास यायचा. क्लच संपल्याची ही अगदी पुस्तकी लक्षणं. जवळच्या एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवला, फक्त क्लचप्लेट बदलली आणि गाडी हातात दिली. स्वस्तात काम झालं म्हणून सगळे खूश. पाचव्या महिन्यात, ऐन भात काढणीत, रिलीज बेअरिंग किंचाळायला लागलं आणि एक दिवस जाम झालं. पुन्हा गिअरबॉक्स खाली, पुन्हा तीच मजुरी. पोती पोचवायला टेम्पो भाड्याने केला. त्या भाड्यात प्रेशर प्लेट आणि बेअरिंग दोन्ही येऊन वर चहापाणी झालं असतं.

मामांनी मला विचारलं, "अरे, तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, आधीची प्लेट गेली कशानं?"

माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत हाच प्रश्न महत्त्वाचा, आणि नेमका तोच गॅरेजमध्ये विचारला जात नाही आणि आपल्या वायवातही नाही.

क्लचच्या कामात महाग काय असतं? प्लेट नाही. महाग असतं ते प्लेटपर्यंत पोचणं. बॅटरीची वायर काढा, प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खुणा करून तो सोडवा, गिअर लिव्हर काढा, सेल्फ काढा, क्लचची केबल किंवा सिलिंडर बाजूला करा, इंजिनला खालून आधार द्या, बेल हाउसिंगचे बोल्ट काढा आणि दोघांनी मिळून ते धूड सरळ मागे ओढून जॅकवर उतरवा. अख्खा दिवस जातो. एवढा खटाटोप करून समोर दिसणारा जुना भाग तसाच ठेवणं ही काटकसर नाही. म्हणून माझं मत सरळ आहे: गिअरबॉक्स उतरला की क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही बदलायची. क्रँकच्या टोकातलं छोटं पायलट बेअरिंग बोटाने फिरवून बघायचं. सील ओलं असेल तर तेही त्याच दिवशी.

फ्लायव्हीलवर तर आपल्याकडे कुणी नजरच टाकत नाही. निळे-काळे डाग असतील, रिव्हेटनी चरे पाडले असतील, तर लेथवर फेसिंग करायलाच हवं. नाहीतर नवी प्लेट पहिल्या दिवसापासून थरथरते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं पिशवीत बांधून टाका.

यावर उत्तर ठरलेलं असतं: "पैसे कोण देणार?" प्रश्न खरा आहे. लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या हातात रोकड नसते, आणि 'कमीत कमीत बसव' असं गिऱ्हाईकच म्हणतं. सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणं मला पटत नाही. प्रेशर प्लेट अगदी अलीकडची असेल, तिची सगळी बोटं एका पातळीत असतील, पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर ती ठेवली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण बेअरिंग? ते कधीच जुनं ठेवू नये. आणि सगळ्यात आधी, काही उतरवण्यापूर्वी, पेडलचा फ्री प्ले तपासा. लायनिंग झिजलं की केबलच्या क्लचमध्ये तो कमी होत जातो. शून्यावर आला की बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि थोडी शिल्लक असलेली प्लेटही घसरते. कधी कधी एका पान्याचं काम असतं, आणि आपण गिअरबॉक्स उतरवून बसतो.

राहिलं ते मामांचं 'कशानं'. मी त्यांच्या शेजारी बसून एक फेरी केली. भरलेली गाडी ते दुसऱ्या गिअरमध्ये उचलतात. पहिला 'फुकट ओरडतो' म्हणे. पहिल्याचं गुणोत्तर ४ आणि दुसऱ्याचं २.३ धरा. इंजिनचा वेग तोच ठेवला तर क्लच पूर्ण पकडेपर्यंत गाडीला पावणेदोन पट वेग गाठावा लागतो, आणि घसरण्यातली उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे सपाटीवरसुद्धा तिप्पट! खिंडीत त्याहून जास्त. शिवाय चढावर थांबताना हँडब्रेक नाही, हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची. मी हिशोब कागदावर मांडून दाखवला. मामा म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं नाही." आता ते पहिल्यात उचलतात. हँडब्रेकची सवय मात्र अजून लागलेली नाही, ती लागेपर्यंत मी मागे लागणार आहे.

आपल्या लॅबमध्ये क्लचचं कापलेलं मॉडेल आहे. लाल-पिवळा रंग दिलेला, दरवर्षी नव्याने. त्याचं चित्र आपण जर्नलमध्ये काढतो, म्हणजे गेल्या वर्षीच्या जर्नलवरून काढतो. एकाही बॅचने त्याचा एक बोल्ट सोडवलेला मी पाहिलेला नाही. सरांना आणि वर्कशॉपच्या स्टाफला माझी विनंती आहे की एका टर्मला एक खरी गाडी घ्यावी. चार-चार जणांची बॅच, एक शनिवार. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे का सोडवायचे, नव्या प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे, जुन्या शाफ्टने प्लेट मध्यावर कशी धरायची, हे हाताला कळेल. आणि जर्नलमध्ये चित्राऐवजी एकच प्रश्न लिहायला लावावा: ही प्लेट कशामुळे गेली? तेल, वय, ओझं की ड्रायव्हरचा पाय? पुरावा जुन्या प्लेटवरच असतो.

गाडी कुठून आणायची ही अडचण असेल तर मामांना मी विचारून ठेवलं आहे. ते तयार आहेत, फक्त भात काढणीचे दिवस सोडून.