पोराच्या पायात सुई कोण घालणार?

"सुई लावली की गाठ पसरते." वडगाव निंबाळकरपासून इंदापूरपर्यंतच्या आपल्या वस्त्यांत ही समजूत आजही ऐकू येते. दहा-बारा वर्षांच्या पोराचा गुडघा सुजतो, रात्री ठणकतो. खेळताना लागले असेल म्हणून आधी सोडून देतात, मग हाडवैद्याकडून चोळून घेतात. महिने निघून जातात.

मुलांमध्ये हाडाचा कॅन्सर विरळाच. पण ऑस्टिओसार्कोमा वाढत्या वयातच जास्त होतो आणि बहुधा गुडघ्याजवळ. एक्स-रेने संशय येतो. खात्री तुकडा तपासल्यावरच होते. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या मदतीने पोकळ सुई घालून हा तुकडा काढतात. मोठी चीर लागत नाही. जाणत्या हातात ही तपासणी सुरक्षित आहे. सुईची भीती टाकून द्या.

पण सुई कोणीही घालावी असे मात्र नाही! सुईच्या वाटेवर गाठीच्या पेशी राहू शकतात. म्हणून पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ती वाट ठरवायची असते. गाठीबरोबर तीही कापून काढतात. वाट चुकली तर वाचणारा पाय जातो. अमेरिकेतील डॉ. मॅन्किन यांनी १९९६ मध्ये ५९७ रुग्णांच्या बायोप्सी तपासल्या. १८ जणांचा अवयव नाहक कापला गेला होता. उपचार केंद्राऐवजी आधीच्याच दवाखान्यात बायोप्सी झाली, तिथे चुका व गुंतागुंत २ ते १२ पट निघाली.

पैसेवाल्याचे पोर थेट परळच्या टाटा रुग्णालयात जाते. ऊसतोड कामगाराच्या पोराचे काय? बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. मग संशय येताच, सुई न लावता, एसटीभाड्यासह योग्य केंद्रात पाठवण्याची लेखी जबाबदारी शासनाने का घेऊ नये? पैसा नाही ही सबब कलम २१ पुढे चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सांगितले आहे. तिथेही रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरवले होते.

तोवर एवढे करा. बायोप्सी आधीच झाली असेल तर लेखी अर्ज देऊन कागद मागा. ७२ तासांत ते देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. रिपोर्टबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. तो नसेल तर परळला पोहोचल्यावर पोराला पुन्हा टोचावे लागू शकते.