चित्रकलेला स्कोप नाही म्हणता? तो कुणी संपवला ते विचारा!

"चित्रं काढून पोट भरतं का?" दहावी-बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. प्रश्न बरोबर आहे, फक्त तो पोराला विचारू नका. सरकारला विचारा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला दरवर्षी राज्यात लाखो मुलं बसतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला 7 मार्क वाढीव. मार्क पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर! ज्याला खरंच पुढे शिकायचंय, त्याच्यासाठी बारावीनंतर सीईटी आणि बीएफए. सरकारी कला महाविद्यालयं कुठे? मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. संपली यादी. बाकीच्यांनी खासगी कॉलेजची फी भरायची. रंग-कॅनव्हासचा खर्च वेगळाच.

आपल्याकडच्या पोरांची नेहमीची वाट म्हणजे एटीडी करून शाळेत चित्रकला शिक्षक होणं. तीही बुजत चाललीय. आमच्या तालुक्यात सर रिटायर होतात, जागा तशीच राहते आणि चित्रकलेचा तास गणिताला जातो. एटीडी झालेली पोरं फ्लेक्सच्या दुकानात बसून वाढदिवसाच्या बॅनरवर नेत्यांचे फोटो चिकटवतायत.

कुणी म्हणेल, हुसेन बघा! पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनचं 1954 चं चित्र मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कला सुमारे 118 कोटींना गेलं. अहो, पण ते स्वतः 2011 मध्येच वारले. आणि उमेदीच्या काळात मुंबईत त्यांनीही सिनेमाची होर्डिंग रंगवूनच पोट भरलं होतं. लिलावाच्या बातमीवर कुणाची चूल पेटत नाही.

कामं मात्र आहेत. जाहिरात, पॅकेजिंग, अ‍ॅनिमेशन, मोबाइल अ‍ॅपचं डिझाइन, कापडावरची नक्षी, सिनेमाचे सेट. पण पेंटिंग वेगळं, अप्लाइड आर्ट वेगळं, सीईटीचा फॉर्म कधी निघतो, तिथे वस्तुचित्र आणि स्मरणचित्र काढावं लागतं, हे खेड्यातल्या पोराला सांगणार कोण? चित्रकलेचे सरच ना! म्हणजे ती एक जागा रिकामी ठेवली की एकाची नोकरी जाते आणि शे-दोनशे मुलांची वाट बंद होते. मग हेच लोक वर तोंड करून सांगतात, चित्रकलेला स्कोप नाही.

बरं, ही काही भीक नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय: सहावी ते आठवीत 100 पेक्षा जास्त मुलं असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. कायदा अंशकालीनवर भागवतो, आणि आपल्याकडे तेवढंही धड होत नाही.

म्हणून पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारा. सहावी ते आठवीचा पट किती? कलेचा निदेशक कुठाय? उत्तर टाळलं तर 10 रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

मिळालेलं उत्तर शाळेच्या नावासकट मला पाठवा. बातमी करायचं काम माझं.