जुन्या छायाचित्रांची डागडुजी

नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस आलेली अनेक मराठी कुटुंबे पहाडगंज, करोलबाग या भागांत स्थिरावली. त्यांच्या पेट्यांतून लग्नमुंजींची छायाचित्रे आजही निघतात. कोणी पिवळी पडलेली, कोणी मधोमध दुमडलेली. दिल्लीचा रखरखीत उन्हाळा आणि मागाहून येणारा दमट श्रावण त्यांना मानवत नाही. वाचकहो, आपल्या घरीही अशी पेटी असेल, तर संगणकावरील चारपाच साधने शिकून घेण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे.

फोटोशॉप ही आज्ञावली 1990 साली बाजारात आली. गिम्प नावाची दुसरी आज्ञावली विनामूल्य मिळते आणि घरगुती कामास ती भरपूर झाली. त्यातील नावे ऐकून बिचकण्याचे कारण नाही. पुष्कळशी साधने छायाचित्रकाराच्या अंधारखोलीतूनच आलेली आहेत. काडीला लावलेली पुठ्ठ्याची चकती प्रकाशाच्या वाटेत क्षणभर धरली, की कागदावर तेवढा भाग उजळ राही; हेच ‘डॉज’. हाताच्या आडोशाने बाकीचा कागद झाकून एखाद्या भागास अधिक प्रकाश दिला, की तो गडद होई, हे ‘बर्न’. फोटोशॉपमध्ये या साधनांची चिन्हेही काडीवरची चकती आणि हाताचा पंजा अशीच आहेत.

प्रथम छायाचित्र स्कॅन करावे. तीन इंच रुंद व चार इंच उंच चित्र इंचास 600 ठिपके या प्रमाणात घेतले, तर 1800 × 2400 ठिपक्यांची प्रतिमा मिळते आणि इंचास 300 ठिपके धरून ती सहा इंच बाय आठ इंच आकारात स्वच्छ छापता येते. ही पहिली प्रतिमा टिफ स्वरूपात ठेवून द्यावी व तिला हात लावू नये. काम तिच्या नकलेवर करावे. जेपेग स्वरूपात बदल करून पुन्हा पुन्हा साठविल्यास दर वेळी थोडा तपशील गळतो. 1942 पासून दिल्लीत छायाचित्रे टिपणाऱ्या होमाई व्यारावाला यांच्या पिढीस ही शिस्त कोणी निराळी शिकवावी लागली नाही. छाप हवे तितके काढावेत, निगेटिव्ह मात्र जपावी, हा त्या धंद्याचा रिवाजच होता. त्यांचा संग्रह आज दिल्लीतील अल्काझी फाउंडेशनकडे आहे.

‘क्रॉप’ म्हणजे कडा छाटणे. यात घाई नको. कडेला अर्धवट दिसणारा हात कोणाचा, हे घरातील वडीलधाऱ्यांस आधी विचारावे. ‘लेव्हल्स’ उघडताच डोंगराच्या आकृतीसारखा एक आलेख दिसतो. त्याखालील काळा व पांढरा त्रिकोण डोंगराच्या दोन पायथ्यांशी आणून ठेवले, की फिकट चित्रास उठाव येतो. तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांसाठी हेच निरनिराळे केले, की पिवळेपणाही बराच ओसरतो.

खरी कसोटी ‘क्लोन’ आणि ‘हील’ या साधनांची. गिम्पमध्ये कंट्रोल, फोटोशॉपमध्ये आल्ट ही कळ दाबून चांगल्या जागेवर टिचकी द्यावी आणि मग भेगेवर कुंचला फिरवावा. क्लोन ती जागा जशीच्या तशी उतरविते; हील तिचा पोत घेऊन आसपासच्या छटेशी मिळविते. भिंत, आकाश, साडीचा साधा भाग येथे ही साधने उत्तम चालतात. चेहऱ्यावर मात्र हात आखडता घ्यावा.

आमच्या आजीचे छायाचित्र आम्ही दिल्लीतील एका दुकानी दुरुस्तीस दिले होते. भेग तर गेलीच, पण चेहराही तुकतुकीत होऊन आला. आईने ते हाती घेतले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ही कोण?” आजीच्या गालांवर देवीचे वण होते. दुकानदाराने धूळ समजून तेही पुसून टाकले होते. सुदैवाने मूळ प्रत त्याने परत दिली होती.

धूळ आणि वण यांतील भेद डोळ्यांस शिकवावा लागतो. स्कॅनरची काच पुसून चित्र जरा सरकवून पुन्हा स्कॅन करावे; काचेवरची धूळ जागा बदलते किंवा नाहीशी होते. निगेटिव्हवर बसलेल्या धुळीचा ठिपका छापावर पांढरा व एकसारखा दिसतो. वणाला मात्र खळगा असतो, म्हणून त्याची एक कड उजळ, दुसरी सावलीत असते. तरीही शंका राहिली, तर त्याच व्यक्तीचे दुसरे छायाचित्र शेजारी ठेवून पाहावे. अलीकडे एका कळीसरशी फाटका भाग भरून देणाऱ्या सोयी निघाल्या आहेत; त्या नसलेला कान, नसलेली नथ अंदाजाने रचून देतात. तो अंदाज आपल्या माणसाशी जुळेलच असे नाही.

दुरुस्ती नेहमी वेगळ्या थरावर, म्हणजे ‘लेयर’वर करावी. थर झाकला की खालचे चित्र जसेच्या तसे दिसते. आम्ही आजीचे काम पुन्हा तसेच केले: भेग बुजविली, वण राहू दिले. आणि हो, चित्राची पाठही स्कॅन करावयास विसरू नये. आजीच्या चित्रामागे शिसपेन्सिलीने तिचे माहेरचे नाव लिहिलेले निघाले. आम्हा नातवंडांपैकी कोणासच ते ठाऊक नव्हते.