म्हातारीचे पंख कोणी कापले?

उन्हाळ्यात रुईची बोंडे फुटतात आणि रेशमी केसांच्या ‘म्हाताऱ्या’ वाऱ्यावर तरंगू लागतात. त्यांना पकडायला मुलांची धावपळ उडते. ही म्हातारी म्हणजे रुईचे बी आणि त्याला दूर नेणारी छत्री. पण दूर जाण्यातच बियांचा घात होत असेल तर? अशाच छत्रीवाल्या बियांची दोन परदेशी रानफुले या प्रश्नाचे उत्तर देतात.

पहिले फूल कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. तेथील बार्कली साउंड या खाडीत पुष्कळ चिमुकली बेटे आहेत. मार्टिन कोडी आणि जेकब ओव्हरटन या संशोधकांनी १९८१ ते १९९१ या काळात या बेटांवरील रानफुलांची पाहणी केली. त्यांत लॅक्टुका म्युरॅलिस हे एक पिवळे फूल होते, सॅलडच्या लेट्यूसचे रानटी भावंड. बेटावर नव्याने आलेल्या झाडांच्या बिया मुख्य भूमीवरच्या बियांपेक्षा लहान निघाल्या. साहजिकच आहे, समुद्र ओलांडायला हलकेच बी हवे. पुढे मात्र उलटे घडले. चहूकडे पाणी, मोठ्या छत्रीच्या बिया उडून समुद्रात पडत आणि जड बिया बेटावरच रुजत. दहाएक वर्षांत बिया मोठ्या आणि छत्र्या लहान झाल्या. येताना एक चाळणी, राहताना दुसरी!

सिमेंटचा समुद्रही हेच करतो. फ्रान्समधील मोंपेलिए शहरात फूटपाथवरील झाडांच्या बुंध्याशी मातीचे छोटे चौकोन सोडलेले आहेत. त्यांत क्रेपिस सँक्टा नावाचे रानफूल उगवते. त्याच्या एकाच फुलोऱ्यात दोन प्रकारच्या बिया असतात, हलक्या छत्रीवाल्या आणि जड बिनछत्रीच्या. पिएर-ऑलिव्हिए शेप्तू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, छत्रीवाल्या बीला आपल्या चौकोनात रुजण्याची संधी जड बीपेक्षा ५५ टक्क्यांनी कमी असते. बाकीच्या बिया सिमेंटवर पडून वाया जातात. शहरातील आणि मोकळ्या रानातील रोपे एकाच काचघरात वाढवली, तरी शहरी रोपांना जड बियांचे प्रमाण अधिकच आले. म्हणजे हा बदल त्यांच्या रक्तातच उतरला होता, आणि तोही अवघ्या ५ ते १२ पिढ्यांत.

यात रोपांची हुशारी दिसते, पण तिची किंमतही आहे. बिया घराबाहेर पडेनाशा झाल्या की एका चौकोनाचा दुसऱ्याशी संबंध तुटतो. शेजारचा चौकोन ओस पडला, तर तेथे नवे बी पोचत नाही. स्वतःचा चौकोन उद्या खणला गेला, तर निसटून जायला छत्री उरलेली नसते.

सलग माळाचे तुकडे झाले, तरी काही वर्षे फुले पूर्वीसारखीच फुलत राहतात आणि पाहणाऱ्याला सारे आलबेल वाटते. बियांमधला बदल सहजासहजी नजरेस पडत नाही. म्हणूनच तुटलेल्या तुकड्यांना जोडणारी गवताची एखादी अखंड पट्टी राखणे मोलाचे ठरते. जिथे उतरायला माती असते, तिथेच म्हातारीच्या उडण्याला अर्थ असतो.